मी न पाहिलेलं पत्र

आखातातलं युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात बाबांच्या हॉस्पिटलमध्ये एक वॉर्ड रिकामा केला गेला. जखमी सैनिक विमानाने येतील, खाटा तयार हव्यात, असं वरून सांगितलं होतं. बाबा तिथे पोर्टर होते. पेशंटना ट्रॉलीवरून एक्स-रेला न्यायचं, ऑपरेशनला न्यायचं, कधी तळमजल्यावरच्या त्या थंड खोलीतही न्यायचं, हे त्यांचं काम. त्या आठवड्यात त्यांनी माणसं कमी नेली, खाटाच जास्त नेल्या.

जेवताना ते एरवी हॉस्पिटलचं काही बोलत नसत. त्या दिवशी बोलले. म्हणाले, सगळ्या खाटांवर नव्या चादरी घातल्यात, उशाशी पाण्याचे जग ठेवलेत, आणि माणूस एक नाही. "असला वॉर्ड मी आजवर बघितला नाही गो."

मग त्यांनी आपल्याबरोबरच्या एका पोर्टरची गोष्ट सांगितली. तो अमेरिकन होता. बाबांपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, उंच, कमी बोलणारा. इतकी वर्षं दोघं एकाच पाळीत होते, पण बाबांना त्याच्याबद्दल फार माहिती नव्हती. एका इंग्रज बाईशी लग्न झालं होतं, ते मोडलं, राहायचे कागद मात्र त्या लग्नामुळे झाले होते, एवढंच. त्या दिवशी शेवटची खाट लावून झाल्यावर तो तिच्या कडेवर बसला आणि म्हणाला, माझा भाऊ अशाच एका खाटेपर्यंत पोचला नाही. मग म्हणाला, आणि मी पळालो. बाबा खाटेला वळसा घालून आले. ते त्याच्या शेजारी उभे राहिले. थोड्या वेळाने तो उठला आणि बसल्यामुळे चुरगळलेली चादर पुन्हा ताणून सारखी केली.

मी तेव्हा साउथहॅम्प्टनलाच युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा दापोलीकडचे, पंधराव्या वर्षी मुंबईला येऊन बोटीच्या भटारखान्यात लागले, आणि पुढे एका फेरीत या बंदरात उतरले ते राहिलेच. आई चौथीपर्यंत शिकलेली. माझ्या वर्गातली बाकीची मुलं घर सोडून आली होती. मी रोज बसने घरी येत असे. मी अमेरिकेचा इतिहास घेतला होता, आणि हे नेमकं कशासाठी, हे मला घरी नीट सांगता येत नसे. आई म्हणायची, "अमेरिकेचं सगळं पाठ करून तू काय तिकडे राज्य करणार आहेस?" इथल्याच मराठी डॉक्टर मंडळींकडे गणपतीला गेलो की तिथल्या काकू विचारत, काय करतेस. मी हिस्टरी म्हटलं की त्या "ओ, लव्हली" म्हणत आणि वळून दुसऱ्या मुलीला मेडिसिनचं विचारत.

त्या टर्मला मला एक मोठा निबंध लिहायचा होता. व्हिएतनामच्या युद्धात ज्या अध्यक्षाने सैन्य वाढवत नेलं, त्याला शेवटी घरच्या लोकांनीच हरवलं का, असा काहीसा प्रश्न होता. मी लायब्ररीतून पुस्तकं आणली होती. अध्यक्षाच्या घराबाहेर जमणारी गर्दी, तिच्या घोषणा आत ऐकू जायच्या म्हणे. पेपरातली मतं, आईबापांची पत्रं, आणि मग मार्चच्या शेवटी तो टीव्हीवर येऊन म्हणाला की बाँबफेक कमी करतो, शांततेची बोलणी करू, आणि मी पुन्हा निवडणुकीला उभा राहणार नाही. हे सगळं मला तारखांसकट येत होतं. पण माझ्या ट्यूटरने पहिला मसुदा परत देताना लिहिलं होतं की यात माणूस कुठे दिसत नाही. मला ते लागलं होतं, कारण ते खरं होतं.

म्हणून बाबांनी त्या खाटेची गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार निबंधाचा आला. हे लिहायला मला आजही बरं वाटत नाही. मी बाबांना म्हटलं, ते माझ्याशी बोलतील का. बाबांनी बराच वेळ ताटातला भात कालवला. मग म्हणाले, विचारून बघतो, पण तो माझा माणूस आहे हे ध्यानात ठेव.

तो रविवारी दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बिस्किटांचा डबा. आईने घावणे केले होते आणि सुक्या खोबऱ्याची चटणी. त्याने आमच्याकडे बघून हाताने खायला सुरुवात केली. आईला ते इतकं आवडलं की तिने त्याला तिथल्या तिथे भावजी करून टाकलं, आणि पुढे कधीच दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. तो तिला मॅम म्हणायचा. मी काका म्हणायला लागले. बाबांच्या बरोबरीच्या माणसाला आणखी काय म्हणायचं, मला माहीत नव्हतं.

बोलायला तो तयार होता, पण एक अट होती. हे माझ्या निबंधापलीकडे जायचं नाही, आणि नाव कुठे यायचं नाही. मी कबूल केलं. आई आणि बाबा स्वयंपाकघरात गेले. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये भिंतीत एक लहान झडप होती, ताटं इकडून तिकडे द्यायला. ती नीट बंद होत नसे.

मी टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली, आणि तो बोलायला लागला.

तो आणि त्याचा मोठा भाऊ, दोघंही सैन्यात. भाऊ व्हिएतनाममध्ये, हा जर्मनीतल्या तळावर. मग यालाही तिकडे जायचा हुकूम आला. त्याच सुमाराला भावाचं पत्र आलं. भावाने लिहिलं होतं की घरी टीव्हीवर आपल्याला जे सांगतात त्यातलं इथे काही नाही. तू येऊ नकोस. काहीही कर, पण येऊ नकोस. आणि हे मी लिहिलं असं आईबाबांना सांगू नकोस. एवढंच. चार ओळी. सांगताना तो रडला. मी मशीन बंद करू का विचारलं, त्याने मान हलवून नको म्हटलं.

तो रजा घेऊन लंडनला आला आणि परत गेलाच नाही. काही विद्यार्थ्यांनी त्याला एका खोलीत ठेवून घेतलं. चारच दिवसांनी अध्यक्षाचं ते भाषण झालं. रेडिओवर ऐकून खोलीतली मुलं नाचली, आणि हा कोपऱ्यात बसून विचार करत राहिला की आणखी चार दिवस थांबलो असतो तर पळावंच लागलं नसतं. त्याला खरंच वाटलं होतं की आता महिन्याभरात संपेल. अध्यक्षावर त्याने तेव्हा पहिल्यांदा विश्वास ठेवला, असं तो म्हणाला. ते युद्ध त्यानंतर कित्येक वर्षं चाललं. आणि भाषणानंतर दोन महिन्यांनी त्याचा भाऊ गेला.

त्याच्या आईचं पत्र लंडनच्या पत्त्यावर आलं, एकच. त्यात लिहिलं होतं की अध्यक्षाच्या सहीचं सांत्वनाचं पत्र आलंय आणि तुझ्या वडिलांनी ते फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलंय. तू लिहू नकोस. ते तुझी पत्रं घरात येऊ देणार नाहीत.

"ती सही मशीन करतं," तो मला म्हणाला. "हजारो घरांत तीच सही आहे. पण त्या वर्षात सगळे बदलले. आमचं गाव बदललं, चर्चमधली माणसं बदलली, वडिलांचे मित्र युद्धाच्या विरोधात बोलायला लागले. माझ्या वडिलांना मात्र बदलायची सोय राहिली नाही. अध्यक्ष आपल्या घरी गेला. त्याला जाता आलं."

नंतरच्या एका अध्यक्षाने सैन्यात जायचं टाळलेल्या मुलांना माफी दिली, पण सैन्यातून पळालेल्यांना ती नव्हती. म्हणून तो कधी गेला नाही. आणि भावाचं ते पत्र त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याची बाजू कदाचित थोडी सावरली असती. पण मग वडिलांकडे त्या भिंतीवर काय उरलं असतं? तेवीस वर्षं मी त्यांना ही एकच गोष्ट देत आलो, असं तो म्हणाला. गप्प राहणं.

मी सगळं ऐकत होते, आणि मला आठवतं, मी टेप संपत आली की काय ते बघत होते.

चहाच्या वेळी झडप उघडली. आईने आतून विचारलं, "भावजींची आई आहे का अजून?" मी त्याला विचारलं. तो म्हणाला आहे, ऐंशीच्या पुढची, हात थरथरतात, आता लिहिता येत नाही असं एका चुलत बहिणीकडून कळलंय. फोन केला तर वडीलच उचलतात. तो नुसता श्वास ऐकतो आणि ठेवून देतो.

माझ्या आईच्या दृष्टीने हा प्रश्न आमच्या घरात कधीच सुटलेला होता. माझी मावशी गावाला राहायची. तिला वाचता येत नव्हतं आणि आईला धड लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या दोघी कॅसेट पाठवत. दर दोन महिन्यांनी आई त्या मशीनसमोर बसून, पदर सावरून, जणू मावशी समोरच आहे अशी बोलायची. भाज्यांचे भाव, माझं वजन, शेजारणीचं मांजर. मग मावशी त्याच कॅसेटवर वरून बोलून परत पाठवायची. मागे कोंबड्या ओरडत असायच्या. आमच्याकडे कॅसेटवर कोणी काही लिहीत नसे. जी पाठवायची तिच्या कोपऱ्यावर आई कुंकवाचं बोट लावायची. बाहेरगावी निघालेल्या माणसाला लावतात तसं. कुंकू लावलेली कॅसेट पोस्टात टाकायची, हे मला लहानपणापासून पाठ होतं.

"बोला की आईशी," आई त्याला मराठीतच म्हणाली. "मोठ्या पाकिटात घाला, वर त्या चुलत बहिणीचं नाव लिहा. तुमच्या बापाला काय कळतंय?" मी त्याचं इंग्रजी केलं. तो पहिल्यांदा हसला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याला मी मशीन कसं चालवायचं दाखवलं आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मध्येच आई चहा द्यायला झडपेपाशी गेली. तो अर्धा तास बोलला. बाहेर आला तेव्हा चेहरा मोकळा होता. त्याने चुलत बहिणीचा पत्ता लिहून दिला आणि उत्तर आमच्या पत्त्यावर मागवलं, कारण त्याच्या घरमालकिणीला टपाल उघडायची सवय होती. दोन्ही रविवारच्या कॅसेट आता टीव्हीवर एकीवर एक होत्या, एकाच दुकानातून आणलेल्या, एकसारख्या. सोमवारी सकाळी त्यांतल्या एकीवर कुंकू होतं. मी ती पाकिटात घातली, पत्ता लिहिला, आणि लेक्चरला जाताना पोस्टात दिली.

शनिवारी मी दुसरी कॅसेट घेऊन माझ्या खोलीत गेले. कानाला हेडफोन, पुढे वही. निबंधासाठी त्याचे शब्द उतरवून काढायचे होते. बटण दाबलं.

"हॅलो, ममा. मी बोलतोय."

मला वाटतं मी लगेच बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. तो इकडच्या पावसाबद्दल सांगत होता, एका भारतीय बाईच्या हातचं खाल्लं ते सांगत होता. मध्ये एकदा हसलाही. मग मी बंद केलं. वहीवर मी तारीख लिहिलेली होती आणि खाली काहीच नव्हतं.

मी खाली गेले आणि आईला विचारलं, तू कुठल्या कॅसेटला कुंकू लावलंस? ती कणीक मळत होती. म्हणाली, खालच्या, पहिल्या रविवारच्या. तीच ना त्याच्या आईची? मी म्हटलं, ती माझी होती, माझ्या अभ्यासाची.

आईचे हात थांबले. "तो त्या दिवशी रडत होता," ती म्हणाली. "दुसऱ्या रविवारी हसत होता, हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होता, म्हटलं ती तुझ्या अभ्यासाची. मला इंग्लिश कळत नाही, पण रडणं कळतं. परक्या पोरीच्या कॉलेजच्या अभ्यासासाठी कोण रडतं?"

मला तिच्यावर रागावता आलं नाही. नाव लिहायचं काम माझं होतं. घरात शिकलेली मी होते.

बाबा पाळीवरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते बूट न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. पलीकडे काय होईल हे आम्हा तिघांनाही कळत होतं. एक म्हातारी बाई मुलाचा आवाज तेवीस वर्षांनी ऐकणार, आणि त्या आवाजात तिला कळणार की जो गेला त्यानेच याला पळायला सांगितलं होतं. आणि वडिलांच्या कानावर गेलं तर या माणसाचा तिकडचा शेवटचा दोराही तुटणार.

"सोमवारी मी त्याच्याबरोबर ट्रॉली ढकलणार आहे," बाबा म्हणाले. "तू सांगतेस की मी सांगू?"

मी सांगते म्हटलं.

सोमवारी दुपारी हॉस्पिटलमध्ये गेले. त्याच रिकाम्या वॉर्डात तो पाण्याचे जग बदलत होता. कोणी प्यायलं नव्हतं तरी रोज बदलायचे, असा नियम होता. मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती, पण तिथे ती सगळी गेली. मी नुसतं म्हटलं, काका, चुकीची कॅसेट गेली. तुम्ही मला सांगितलं ती गेली.

तो हातातला जग घेऊन उभा राहिला. विचारलं, दोन्ही बाजू? मी हो म्हटलं. भावाचं पत्र, सही, सगळं? मी हो म्हटलं.

"मी तुला एकच अट घातली होती," तो म्हणाला.

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याची दुसरी कॅसेट मी पिशवीतून आणली होती. ती लगेच पाठवते, असं मी म्हणत होते. त्याने ती घेतली, कोटाच्या खिशात ठेवली, आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी त्या दोन रांगांमधून बाहेर आले. एवढ्या पांढऱ्या खाटा, आणि मला सारखं वाटत होतं की सगळे उठून माझ्याकडे बघताहेत.

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. बाबांशी कामापुरतं बोलायचा. एकदा बाबा म्हणाले, आज त्याने मला गुड मॉर्निंग म्हटलं, आणि आई लगेच म्हणाली, मग घावणे देऊ का डब्यात. बाबा म्हणाले, इतक्यात नको.

टीव्हीवर रोज युद्ध होतं. हिरव्या अंधारात ठिपके चमकायचे आणि कोणी सेनाधिकारी काठीने दाखवायचा. युनिव्हर्सिटीतल्या मुलांनी गावात एक मोर्चा काढला, मी शेवटच्या रांगेत थोडा वेळ चालले. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, कोटावर पिवळी रिबीन, घरचं कोणी युद्धावर गेलंय याची खूण. ती ओरडत नव्हती. आमच्याकडे एकेकाचा चेहरा बघत होती, जणू कोणाला तरी शोधतेय. मी मोर्चातून बाहेर पडून बस पकडली.

ट्यूटरला मी एवढंच म्हटलं की एका माणसाने मला भावाच्या पत्राबद्दल सांगितलंय, वापरू का. तिने चष्मा काढून विचारलं, पत्र तू पाहिलंस का? मी नाही म्हटलं. मागितलंस? तेही नाही. ती रागावली नाही. म्हणाली, मग तुझ्याकडे पत्र नाही, पत्राची आठवण आहे, ती वेगळी गोष्ट. मी ते सगळं काढून टाकलं. निबंध पुस्तकांवरून पुरा केला. बरे मार्क पडले.

फेब्रुवारी संपता संपता युद्ध संपलं. त्या वॉर्डात कोणी आलं नाही. बाबांनी आणि त्याने खाटा जिथून आणल्या होत्या तिथे परत नेल्या.

एप्रिलमध्ये आमच्या पत्त्यावर एक लहान खोकं आलं, अमेरिकन तिकिटांचं, त्याच्या नावाने. बाबांनी ते हॉस्पिटलात नेलं आणि तसंच परत आणलं. म्हणाले, तो म्हणतो इथेच ऐकतो, त्याच्याकडे मशीन नाही. मला वाटतं मशीन हे कारण नव्हतं.

रविवारी तो आला, तीच खुर्ची. मी उठून जायला लागले तर म्हणाला, बस. बाकीचं तुला माहीत आहे. आई आणि बाबाही मग दाराशी उभे राहिले आणि त्याने बटण दाबलं.

आधी बराच वेळ एका खोलीचा आवाज होता. घड्याळ, कुठेतरी नळ. मग एक म्हातारा, कापरा आवाज. ती म्हणाली की तुझा आवाज तुझ्या आजोबांसारखा झालाय. म्हणाली, मी स्वयंपाकघरात ऐकत होते, हे मधेच आत आले, आणि मी बंद केलं नाही. मग पुन्हा घड्याळ. इतका वेळ की मला वाटलं संपली. मग एक पुरुषाचा आवाज आला, मशीनपासून लांबून, जणू दारात उभा राहून बोलतोय.

"त्याचं ते पत्र पाठव. मला त्याच्या अक्षरात बघायचंय."

आणि बटण दाबल्याचा आवाज.

त्याने कॅसेट काढून हातात धरली. आईने मला हळूच विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला.

मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पत्र माझ्याकडे नाही. तळावर लॉकरमध्ये राहिलं. रजेवर चाललेला माणूस लॉकर रिकामं करत नाही, नाही तर संशय येतो. चार कपडे घेऊन निघालो." त्यानंतर ते कोणी वाचलं, फेकलं, कुठल्या फायलीत गेलं, त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडे फक्त त्या चार ओळी होत्या.

काही सुचवायचा हक्क मला राहिला नव्हता. पण बाबा म्हणाले, "मग त्या चार ओळीच सांग त्यांना. पाठ आहेत ना तुला?" तो म्हणाला, पाठ आहेत.

मी कोरी कॅसेट घातली. त्याने सांगितलं की लॉकरचं काय झालं. मग डोळे मिटून, सावकाश, भावाचं पत्र म्हणायला लागला. टीव्हीवर सांगतात त्यातलं इथे काही नाही. तू येऊ नकोस. काहीही कर, पण येऊ नकोस. हे मी लिहिलं असं आईबाबांना सांगू नकोस. इथे तो थांबला. मला वाटलं झालं, माझं बोट बटणावर गेलं. त्याने डोळे उघडले नाहीत. आणि म्हणाला:

"बाबांना कधी सांगावंच लागलं, तर सांग की मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. त्यांना जे खरं वाटलं तेच त्यांनी केलं."

ही ओळ पहिल्या रविवारी नव्हती.

मला खात्री आहे. त्या दिवशी मी प्रत्येक शब्दावर लक्ष ठेवून होते, कारण मला ते निबंधात हवे होते. चार ओळी, असं तोच म्हणाला होता. कदाचित तेव्हा रडण्यात राहिली असेल. कदाचित इतक्या वर्षांत ती कधीतरी आपोआप तयार झाली असेल आणि त्यालाही आता वेगळी काढता येत नसेल. की त्या क्षणी, डोळे मिटून, त्याने ती भावाच्या तोंडी घातली? त्याने डोळे उघडले तेव्हा सरळ माझ्याकडे बघितलं. मी विचारू शकले असते. पुरावा म्हणजे काय ते मला नुकतंच शिकवलं होतं.

मी बटण दाबून मशीन बंद केलं. आईने विचारलं, शेवटी काय म्हणाले, आणि मी तिला ती ओळ जशीच्या तशी मराठीत सांगितली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. सोमवारी मी पाकिटावर पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकलं.

परत येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की उत्तर वेगळ्याच कॅसेटवर आलं होतं, म्हणजे पहिली कॅसेट अजून त्या घरातच आहे. माझ्या चुकीमुळे गेलेली. ज्या माणसाला मुलाचं अक्षर बघायचं होतं आणि ते मिळालं नाही, तो दोन्ही कॅसेट शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा ऐकणार. एकीत चार ओळी, दुसरीत पाच. मला जे एकदा ऐकून कळलं ते त्याला कळायला किती दिवस लागतील? मी हे त्या अमेरिकन काकांना सांगितलं नाही. बाबांनाही नाही.

कॅसेट पुन्हा आली नाही. ख्रिसमसला एक कार्ड आलं, चुलत बहिणीच्या अक्षरात, खाली त्याच्या आईची थरथरती सही. तो ते घेऊन आमच्याकडे आला आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. वडील बरे आहेत, असं लिहिलं होतं. फारसं बोलत नाहीत. जेवण झाल्यावर पुढच्या खोलीत बसून ऐकत असतात. कोणती कॅसेट, ते लिहिलं नव्हतं.